गॅस हीटरची निळी ज्योत

जर्मनीतील सुमारे निम्मी घरे हिवाळ्यात नैसर्गिक वायूवर तापवली जातात. बहुतेक ठिकाणी एकच बॉयलर पाणी तापवून ते खोल्याखोल्यांतील रेडिएटरमधून फिरवतो. पण जुन्या इमारतींत प्रत्येक खोलीचा स्वतंत्र गॅस हीटर अजूनही आढळतो. त्याचे दोन प्रकार आहेत: एक जळण्यासाठी लागणारी हवा खोलीतूनच घेतो आणि जळालेला वायू चिमणीत सोडतो, तर दुसरा बाहेरच्या भिंतीला लागून बसवलेला असतो व भिंतीतून आरपार गेलेल्या दुहेरी नळीने हवा बाहेरूनच घेऊन धूरही बाहेरच टाकतो. सुरक्षिततेचा बराचसा विचार या फरकावर अवलंबून असल्यामुळे पुण्या-मुंबईहून म्युनिक, फ्रँकफर्ट किंवा बर्लिनला गेलेल्या कुटुंबाने घर ताब्यात घेतानाच हीटर कोणत्या प्रकारचा आहे हे घरमालकाला विचारून घ्यावे.

जुना हीटर पेटवताना त्याची मूठ पेटवण्याच्या खुणेवर आणून आत दाबतात आणि ठिणगीचे बटण दाबतात, तेव्हा प्रथम एक लहान ज्योत पेटते. मूठ मात्र लगेच सोडायची नसते. हीटरसोबतच्या पुस्तिकेत सांगितले असेल तितके सेकंद ती दाबून धरावी लागते. या लहान ज्योतीत दोन भिन्न धातूंचा सांधा तापत असतो. असा सांधा तापला की विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे थॉमस झेबेक यांना 1821 मध्ये बर्लिनमध्ये आढळलेल्या परिणामाचे तत्त्व होय. थर्मोकपल नावाच्या या जोडाचा प्रवाह अगदी क्षीण असतो, पण गॅसची झडप उघडी धरण्यास तो पुरतो. ज्योत विझली की सांधा थंड होतो, प्रवाह थांबतो आणि झडप आपोआप मिटते. म्हणूनच मूठ सोडताच ज्योत पुन्हा पुन्हा विझत असेल, तर मूठ काही तरी अडकवून दाबून ठेवणे हा अत्यंत धोक्याचा उपाय ठरतो, कारण त्यामुळे झडप मिटवणारी व्यवस्थाच निकामी होते. पुन्हा पेटवण्याआधी साठलेला गॅस निघून जावा म्हणून काही मिनिटे थांबावे, आणि तरीही ज्योत टिकली नाही तर तंत्रज्ञाला बोलवावे.

गॅसमध्ये पेटण्यापूर्वीच पुरेशी हवा मिसळली तर ज्योत निळी व स्थिर जळते. हायडेलबर्गच्या रॉबर्ट बुन्सेन यांचा 1855 च्या सुमाराचा प्रसिद्ध बर्नर याच तत्त्वावर चालतो. ज्योत पिवळी पडून लवलवू लागली किंवा हीटरभोवती काजळी दिसू लागली, तर ज्वलन अपुरे होत आहे असे समजून हीटर बंद करावा. बर्नरचे छिद्र, हवेचे प्रमाण आणि गॅसचा दाब यांना घरच्या माणसाने हात लावू नये. जर्मनीच्या उत्तर व पश्चिम भागांत कमी उष्मांकाच्या गॅसऐवजी अधिक उष्मांकाचा गॅस देण्याचे काम 2015 पासून टप्प्याटप्प्याने चालू आहे आणि त्यासाठी तंत्रज्ञ घरोघरी जाऊन उपकरणे नव्या गॅसला जुळवून देतात, यावरून ही जुळणी किती नाजूक आहे हे ध्यानात येते. घरच्या माणसाच्या हाती राहते ते केवळ तापमान, आणि दिवाणखान्याला साधारण 20 अंश पुरेसे होतात.

अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे झालेल्या मृत्यूंमागेही बहुधा हाच वायू असतो. थंडी आत येऊ नये म्हणून हवेच्या जाळ्या कापडाने बुजवणे, किंवा चिमणीला जोडलेला हीटर चालू असताना खिडक्या मिटून चुलीवरचा धूर ओढणारा पंखा लावणे, यांमुळे चिमणीतून वर जाणारा वायू उलटा खोलीत ओढला जातो. अशा घरांत खिडकी उघडल्याशिवाय पंखा सुरूच न होऊ देणारा स्विच बसवता येतो. घरातील अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ किंवा भोवळ जाणवली तर आजारपणाची शंका घेत बसण्याऐवजी सर्वांनी तत्काळ बाहेर पडून 112 वर फोन करावा.

गॅसगळतीच्या बाबतीत मराठी घरातील एक सवय बदलावी लागते. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो, पण जर्मनीत नळाने येणारा मिथेनप्रधान गॅस हलका असल्यामुळे छताकडे जातो. वास येताच खिडक्या उघडाव्यात, शक्य असल्यास मुख्य झडप बंद करावी, दिव्याचे बटण वा शेजाऱ्याची घंटा न दाबता दार ठोठावून इतरांना सावध करावे आणि फोन इमारतीबाहेर गेल्यावरच करावा.

या साऱ्या व्यवस्थेवर जर्मनीत कायद्याने ‘शोर्नश्टाइनफेगर’ची, म्हणजे चिमणी-तपासनिसाची, नजर असते. जिल्ह्याचा अधिकृत तपासनीस दर सात वर्षांत दोनदा घरातील ज्वलन-उपकरणे पाहून जातो आणि कोणती तपासणी कधी करायची याचा लेखी आदेश देतो. 2013 पासून ती नेमलेली कामे मालक आपल्या पसंतीच्या पात्र कारागिराकडून करून घेऊ शकतो. मोजणीत धुरातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण दहा लाखांत 1000 भागांहून अधिक निघाले, तर दुरुस्ती करून पुन्हा मोजणी करून घ्यावीच लागते.