विश्लेषण : नांदेड-लातूरमध्ये दोघांनी निवांत बसायचे, तर बार कसा निवडावा?

नांदेड किंवा लातूरमध्ये ‘संध्याकाळी भेटूया का?’ असे विचारले, की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘कुठे?’ हा प्रश्न फक्त जागेपुरता नसतो. तिथे ओळखीचे कुणी असेल का, टेबलाकडे किती जण वळून पाहतील, रात्री परतायला रिक्षा मिळेल का, हे सगळे त्यात येते. दोन्ही शहरांत नोकरी करणारी, स्वतःच्या पैशाने बाहेर खाणारी-पिणारी तरुण मंडळी वाढली आहेत. लग्न ठरण्याच्या बेतात असलेली जोडपीही ‘पाहण्याचा कार्यक्रम’ आणि ‘सुपारी’ यांच्या मधल्या दिवसांत एकदा तरी बाहेर भेटतात. त्यातल्या काहींना जेवणासोबत एखादी बिअर किंवा वाइन हवी असते. यात गैर काही नाही, पण जागा चुकली तर संध्याकाळ वाया जाते आणि कधीकधी निस्तरावेही लागते. बहुतेक वेळा ते मुलीलाच निस्तरावे लागते.

‘फॅमिली’ पाटीचा नेमका अर्थ काय?

औसा रोड, बार्शी रोड, अंबाजोगाई रोड असो की नांदेडचा तरोडा, सिडको-हडको आणि विष्णुपुरीचा पट्टा, ‘बार अँड रेस्टॉरंट’च्या पाटीखाली ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था’ ही ओळ हमखास दिसते. ती वाचून जोडपे आत शिरते आणि तिथेच पहिला घोळ होतो. अनेक ठिकाणी फॅमिली हॉल म्हणजे फक्त जेवणाचा हॉल. मेनू कार्डवर ड्रिंक्स असतात, पण वेटर म्हणतो, ‘इथं सर्व्ह होत नाही, हवं असेल तर तिकडं बसा.’ ‘तिकडं’ म्हणजे परमिट रूम. तिथे बहुधा मंद दिवे, मोठ्या आवाजात टीव्ही, आठ-दहा टेबलांवर फक्त पुरुष आणि आत आलेल्या बाईकडे एकदम वळलेल्या माना.

‘बार’ या शब्दाला आपल्याकडे जो वास चिकटला आहे, त्यातही डान्स बारचा वाटा मोठा आहे. राज्याने २००५ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्या कायद्यातल्या काही जाचक अटी रद्द केल्या. या सगळ्या काळात ‘बारमध्ये गेलेली मुलगी’ या शब्दांचा अर्थ गावाने आपापल्या परीने लावून ठेवला. दोन प्लेट पनीर आणि एक बिअर घेणाऱ्या जोडप्यालाही तो आजवर भोवतो.

म्हणून निघण्याआधी फोन करून एकच प्रश्न विचारावा : ‘फॅमिली हॉलमध्ये ड्रिंक्स देता का?’ उत्तर सरळ ‘हो’ असेल तर जागा विचारात घ्यावी. ‘या की, करू ॲडजस्ट’ असे उत्तर आले, तर ते ‘नाही’ असेच समजावे. ॲडजस्ट म्हणजे बहुतेक वेळा कोपऱ्यातली पडद्याची केबिन.

पडद्याची केबिन सोयीची नाही का?

दिसायला सोयीची वाटते, पण टाळलेलीच बरी. ओळखीच्या नजरा चुकवायच्या म्हणून जोडपी तिकडे वळतात. मात्र पडदा ओढला की आत काय चालले आहे याबद्दल बाहेरच्यांच्या कल्पनेला मोकळे रान मिळते. पार्टिशन टाकून कप्पे केलेल्या कॅफेंवर पोलिसांनी कारवाई केल्याच्या बातम्या मराठवाड्यात वरचेवर येतात. अशा ठिकाणी अल्पवयीन मुले-मुली सापडली तर प्रकरण आणखी गंभीर होते. लातूरमध्ये ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने अकरावी-बारावीची आणि ‘नीट’ची तयारी करणारी मुले राज्यभरातून येतात. त्यातली बरीच १८ वर्षांखालची असतात. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या दृष्टीने १८ वर्षांखालच्या व्यक्तीची लैंगिक संबंधांना संमती ग्राह्य नसते. त्यामुळे अशा कॅफेत आलेले पथक प्रत्येक टेबलाकडे संशयानेच पाहते, मग समोर २६ वर्षांची बँक कर्मचारी बसलेली असली तरी.

दुसरे कारण साधे आहे. भेट पहिली किंवा दुसरी असेल, तर समोरच्या माणसाची पुरती ओळख झालेली नसते. हॉलमधल्या खुल्या टेबलावर काही खटकले, तर उठून निघता येते. केबिनमध्ये तेवढा एक पडदा आड येतो. भिंतीकडेचे पण मोकळे, दारापासून फार लांब नसलेले टेबल सगळ्यात चांगले.

वयाचे गणित काय?

महाराष्ट्रातला हा नियम अनेकांना माहीत नसतो. १८ व्या वर्षी मतदान करता येते, मुलाचे लग्न २१ व्या वर्षी होऊ शकते, पण व्हिस्कीसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. बिअर आणि वाइनसाठी ही मर्यादा २१ आहे. म्हणजे २३ वर्षांच्या नवराबायकोला आपल्याच लग्नाच्या वाढदिवसाला बिअर चालते, रम चालत नाही. शेजारच्या तेलंगणात मर्यादा सरसकट २१ आहे. देगलूर-धर्माबादच्या बाजूची मंडळी तिथलाच नियम आपल्याकडे गृहीत धरतात आणि फसतात.

याच्या जोडीला परमिट लागते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा’ या नावाने लागू आहे. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानाच्या भागात होता आणि तिथे आबकारी हे उत्पन्नाचे मोठे साधन होते. १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात आला आणि पुढे दारूबंदीचा कायदाही इथे आला. कागदोपत्री या कायद्यात दारूबंदी हाच नियम आहे आणि पिणे हा परवान्याने मिळणारा अपवाद. ‘परमिट रूम’ हे नाव तिथूनच आले. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचे परमिट ५ रुपयांचे, वर्षाचे १०० रुपयांचे आणि आजीवन १,००० रुपयांचे असते. बहुतेक बार एक दिवसाच्या परमिटचे बिलात बघून घेतात, ग्राहकाला पत्ताही लागत नाही. तरी नेहमी जाणाऱ्याने आपले परमिट काढून ठेवलेले बरे. वय दाखवणारे ओळखपत्र दोघांनीही जवळ ठेवावे.

शहराबाहेरचा ढाबा किंवा गार्डन रेस्टॉरंट कसे?

हिरवळ, झोपाळे, दिव्यांच्या माळा आणि गर्दीपासून पाच-सहा किलोमीटर लांब. मराठवाड्यातल्या डेटसाठी हाच आवडता पर्याय आहे. हवा मोकळी, जेवण चांगले आणि ओळखीचे कमी. पण इथेच सगळ्यात मोठा सापळा असतो. बऱ्याच ढाब्यांकडे मद्याचा परवानाच नसतो. ‘बाटली तुम्ही आणा, ग्लास-बर्फ आम्ही देऊ’ हा तिथला नेहमीचा व्यवहार. वाइन शॉपमधून पावतीसह विकत घेतली म्हणजे ती कुठेही बसून प्यायला हरकत नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे. विनापरवाना जागेत दारू पिण्याची सोय करणे हा दारूबंदी कायद्याच्या कलम ६८ खाली गुन्हा आहे आणि तिथे बसून पिणाऱ्यावर कलम ८४ लागते. राज्य उत्पादन शुल्क विभाग ढाब्यांवर छापे टाकतो तेव्हा मालकासोबत ग्राहकांनाही न्यायालयात उभे राहावे लागते आणि दंड भरावा लागतो.

दंडाची रक्कम एखाद्याला किरकोळ वाटेल. पण घरी ‘मैत्रिणीकडे जाते’ असे सांगून निघालेल्या मुलीसाठी नाव-पत्ता लिहून घेतला जाणे हीच मोठी शिक्षा असते. त्यामुळे ढाब्यावर जायचे असेल तर जेवायला जावे, प्यायला नाही. परवाना आहे की नाही हे ओळखणे अवघड नसते. परमिट रूमच्या परवान्याला ‘एफएल-३’ म्हणतात. तो सहसा काउंटरच्या मागे लावलेला असतो. दिसला नाही तर विचारावे. ज्याच्याकडे असतो तो दाखवतो.

रस्त्याकडेच्या बारची थोडी वेगळी कथा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली. एप्रिल २०१७ पासून ती लागू झाली आणि राज्यभर अनेक बारना कुलपे लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयाने महापालिका-नगरपालिका हद्दीतल्या परवानाधारकांना हा आदेश आड येत नसल्याचे स्पष्ट केले. आज शहराच्या वेशीवरचा एखादा बार सुरू आणि त्याच्या थोडे पुढचा फक्त ‘शुद्ध शाकाहारी’ दिसला, तर त्यामागे हा इतिहास असू शकतो. ‘मागच्या वेळी तर मिळत होती’ या भरवशावर जाऊ नये.

पोलीस किंवा ‘संस्कृतिरक्षक’ आले तर?

दोन सज्ञान व्यक्तींनी परवानाधारक जागेत एकत्र बसणे हा गुन्हा नाही. त्यासाठी लग्नाचा दाखला लागत नाही, की नात्याचा पुरावा. सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असे अश्लील कृत्य केले तर भारतीय न्याय संहितेचे कलम २९६ लागू होते. असभ्य वर्तनासाठी महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम ११० आहे. समोरासमोर बसून गप्पा मारणे यात कुठेच बसत नाही.

पोलीस किंवा उत्पादन शुल्कचे अधिकारी वय आणि परमिट तपासू शकतात. ओळखपत्र दाखवावे, शांतपणे बोलावे. अपवादात्मक परिस्थिती वगळता महिलेला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही. अशा परिस्थितीतही महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर महिलेला तिच्या घराबाहेर कुठे बोलावता येत नाही. घरच्यांना फोन करण्याची धमकी हेच बहुतेकदा खरे हत्यार असते. सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत त्याला कायद्याचा आधार नाही, हे ठाऊक असले की समोरच्याशी बोलताना आवाज कापत नाही. कुठल्या संघटनेचे म्हणवणारे टोळके आले, तर त्यांना ओळखपत्र मागण्याचा काडीचाही अधिकार नाही. वाद न घालता काउंटरजवळ जावे आणि ११२ वर फोन करावा. चांगला बार इथेही ओळखू येतो. मालक किंवा मॅनेजर पुढे होऊन ‘आमचे ग्राहक आहेत’ म्हणतो की पाठ फिरवतो, यावर त्या जागेची खरी किंमत ठरते. हे आधी कसे कळणार? ज्या ठिकाणी महिला गट करून जेवायला येतात, तिथे मालकाला ही सवय असते. दुपारी एकदा नुसते जेवून यावे, अंदाज येतो.

आणखी काय पाहावे?

स्वच्छतागृह. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण निम्मे बार इथेच बाद होतात. महिलांसाठी स्वतंत्र, आतून कडी लागणारे आणि परमिट रूममधून न जाता पोहोचता येणारे स्वच्छतागृह नसेल, तर पुढचे काही पाहायची गरज नाही. बाटली टेबलावरच उघडून घ्यावी, ग्लास मागे सोडून उठू नये. हे दोघांनाही लागू.

बिलावरून पहिल्याच भेटीत रुसवा नको, म्हणून हिशेब माहीत असावा. जेवणावर साधारण ५ टक्के जीएसटी लागतो. मद्यावर जीएसटी नसतो, व्हॅट असतो. परमिट रूममधला हा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ वरून १० टक्के झाला. जून २०२५ मध्ये राज्याने देशात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्कही वाढवले. त्याविरोधात १४ जुलै २०२५ रोजी राज्यातल्या बारमालकांनी एक दिवस बंद पाळला होता. उत्पादन शुल्काच्या त्या वाढीत बिअर आणि वाइन नव्हत्या, त्यामुळे खिशाचा विचार केला तरी त्याच परवडतात. सेवाशुल्क सक्तीने घेता येत नाही, हे मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही उचलून धरले. मात्र बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावले म्हणून हॉटेलात भांडू नये. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार हॉटेलांना ती मुभा आहे.

तारीखही पाहावी. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे असतात. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास विक्री बंद असते.

परतायचे कसे?

जागा ठरवताना हा प्रश्न शेवटी येतो, यायला हवा सर्वांत आधी. दोन्ही शहरांत ॲप टॅक्सीचा मुंबई-पुण्यासारखा भरवसा नाही आणि रात्री उशिरा वेशीबाहेर रिक्षा मिळणे कठीण. मग ‘मी सोडतो’ म्हणत दुचाकी निघते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकते. ही मर्यादा एवढी कमी आहे, की ‘एकच तर घेतली’ हा युक्तिवाद चालत नाही. ओळखीच्या रिक्षावाल्याला आधीच वेळ सांगून ठेवणे हा इथला सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. पहिल्या भेटीला दोघांनी आपापल्या वाटेने यावे आणि आपापल्या वाटेने जावे. जागेचे नाव आणि परतण्याची वेळ एका तरी मैत्रिणीला किंवा मित्राला कळवून ठेवावी. वेळ शक्यतो सातची ठेवावी. त्या वेळी हॉलमध्ये जेवायला आलेली कुटुंबे असतात आणि परमिट रूमची गर्दी अजून वाढलेली नसते.