सेंद्रिय भाजीचा फायदा नेमका कुठे आहे

जास्त पैसे मोजून सेंद्रिय भाजी घेणाऱ्याला कारण विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "त्यात जीवनसत्त्वं जास्त असतात." सेंद्रिय शेतीच्या बाजूचा सगळ्यात लंगडा मुद्दा हाच आहे. भक्कम मुद्दे वेगळेच आहेत आणि त्यांची चर्चा फारशी होत नाही. त्यामुळे एखाद्या अभ्यासात जीवनसत्त्वांचा फरक दिसला नाही की "सेंद्रिय म्हणजे नुसती फसवणूक" असं म्हणत दुसरी बाजू उभी राहते. तेही चूकच.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. सेंद्रिय हे पिकवण्याच्या पद्धतीचं नाव आहे. भारतात 2001 पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे नियम आहेत. रासायनिक खतं, कृत्रिम कीटकनाशकं आणि जनुकीय बदल केलेलं बियाणं त्यात चालत नाही. भाजीपाल्यासारखी हंगामी पिकं घ्यायची असतील, तर जमिनीला साधारण दोन वर्षांचा रूपांतरणाचा काळ द्यावा लागतो. या नियमांत पालकात लोह किती असावं किंवा टोमॅटोत क जीवनसत्त्व किती असावं, याबद्दल एक अक्षरही नाही. प्रमाणपत्र शेतात काय घातलं गेलं नाही ते सांगतं. भाजीत काय उतरलं, हे तपासणं त्याचं कामच नाही.

मग भाजीत काय उतरतं? यावर तीन मोठे आढावे वारंवार पुढे केले जातात. 2009 मध्ये लंडनच्या एका आरोग्य संशोधन संस्थेने ब्रिटनच्या अन्न यंत्रणेसाठी पन्नास वर्षांचं संशोधन चाळलं. पोषणाच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणावा असा फरक तिला सापडला नाही. 2012 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने 237 अभ्यास एकत्र पाहिले. जीवनसत्त्वांच्या बाबतीत त्यांचाही निष्कर्ष तोच होता. 2014 मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली 343 शोधनिबंधांचा आढावा निघाला, आणि त्यात मात्र सेंद्रिय पिकांमध्ये पॉलिफिनॉल गटातली द्रव्यं ठळकपणे जास्त आढळली. वर्तमानपत्रांनी हे निष्कर्ष एकमेकांच्या विरोधात उभे केले. प्रत्यक्षात त्यांत फारसं भांडण नाही. जीवनसत्त्वं आणि खनिजं जवळपास सारखी, पॉलिफिनॉल जास्त, असं एकत्रित चित्र निघतं.

पॉलिफिनॉल का वाढतात, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण सेंद्रिय पद्धतीचा झाडावर होणारा खरा परिणाम तिथे दिसतो. युरियातलं नत्र झाडाला पटकन आणि भरपूर मिळतं. झाड ते पानं, खोड, फळं वाढवायला वापरतं. भाजी टवटवीत आणि पाणीदार होते. शेणखत किंवा कंपोस्टमधलं नत्र जमिनीतले जीवाणू हळूहळू मोकळं करतात. नत्र बेताचं असलं की झाडाची वाढ संथ होते आणि उन्हात तयार झालेलं कार्बनी द्रव्य संरक्षक रसायनांकडे वळतं. कडवट, तुरट चवीची बरीचशी द्रव्यं या गटातली. झाड ती स्वतःसाठी बनवतं, किडीला आणि बुरशीला तोंड देण्यासाठी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्राने दहा वर्षांचे जपून ठेवलेले टोमॅटोचे नमुने तपासून 2007 मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांत सेंद्रिय टोमॅटोत पॉलिफिनॉलपैकी क्वेर्सेटिन सरासरी 79 टक्के आणि केम्फेरॉल 97 टक्के जास्त निघालं, आणि वर्षागणिक शेतातली सेंद्रिय द्रव्यं साठत गेली तसा फरकही वाढला.

आकडे मोठे आहेत. पण भाजीत द्रव्य जास्त असणं वेगळं आणि खाणाऱ्याची तब्येत त्यामुळे सुधारणं वेगळं. पॉलिफिनॉलपैकी शरीरात शोषला जाणारा भाग थोडा असतो आणि तो लवकर बाहेर पडतो. "पॉलिफिनॉल दुप्पट, म्हणजे आरोग्य दुप्पट" हे गणित कोणी सिद्ध केलेलं नाही.

शिवाय पोषणात खत हा एकच घटक नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठाही नाही. वाण जास्त महत्त्वाचं. टेक्सास विद्यापीठाच्या डोनाल्ड डेव्हिस यांनी 2004 मध्ये अमेरिकेतल्या 43 पिकांची, मुख्यतः भाज्यांची, 1950 आणि 1999 मधली सरकारी आकडेवारी शेजारी ठेवली. लोह, कॅल्शियम, क जीवनसत्त्व यांसह सहा पोषक घटक घटलेले दिसले. त्यांच्या मते याचं मुख्य कारण वाणांतला बदल असावा: उत्पादन, आकार आणि टिकाऊपणा पाहून निवडलेल्या वाणांत वजन वाढलं, पण खनिजं त्या मानाने वाढली नाहीत. असं वाण शेणखतावर वाढवलं म्हणून गावरान होत नाही.

दुसरा घटक ताजेपणा. पालक, मेथी, कोथिंबीर यांतलं क जीवनसत्त्व खुडल्यापासून घटायला लागतं, आणि उन्हाळ्यात उघड्यावर पडलेल्या जुडीत तर झपाट्याने. दूरच्या शेतातून आलेल्या, तीन दिवस प्लास्टिकच्या पाकिटात पडलेल्या सेंद्रिय पालकापेक्षा पहाटे खुडून सकाळी मंडईत आलेल्या साध्या पालकात ते जास्त असू शकतं. तीच भाजी घरी आणून आधी चिरली आणि मग धुतली, तर उरलेलंही पाण्याबरोबर जातं.

आता भक्कम बाजू. ती समजायला भेंडीचा तोडा पाहावा.

भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. राहिली तर निबर होते आणि बाजारात कोणी विचारत नाही. वांग्याच्या शेंड्यात आणि फळात शिरणारी अळी एकदा आत गेली की बाहेरून मारलेल्या औषधाला सापडत नाही, म्हणून ती आत जाण्याआधीच गाठायला शेतकरी पुन्हा पुन्हा फवारतो. प्रत्येक कीटकनाशकाच्या माहितीपत्रकावर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जायला हवेत ते छापलेलं असतं. हा प्रतीक्षाकाळ सात दिवसांचा असेल आणि तोडा एक दिवसाआड असेल, तर शेतकऱ्याने काय करावं? मधले तीन तोडे फेकून द्यावेत? भाव चांगला असताना ते कोण करील? फवारलेली भाजी तिसऱ्या दिवशी मंडईत पोचते ती या अडचणीतून. त्यात शेतकऱ्याची बेफिकिरी शोधण्याआधी हे गणित पाहायला हवं.

सेंद्रिय पद्धतीने पडणारा खरा फरक इथे आहे. स्टॅनफर्डच्या आढाव्यात सेंद्रिय नमुन्यांपैकी 7 टक्क्यांत, तर नेहमीच्या नमुन्यांपैकी 38 टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. न्यूकॅसलच्या आढाव्यात नेहमीच्या पिकांत हे प्रमाण सेंद्रियच्या चौपट होतं. फरक ताटापर्यंत पोचतो, हेही दिसलं आहे. अमेरिकेत सिॲटल भागातल्या 23 शाळकरी मुलांना पाच दिवस सेंद्रिय अन्न दिल्यावर मॅलाथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकांच्या खुणा त्यांच्या लघवीत जवळपास सापडेनाशा झाल्या. नेहमीचं अन्न सुरू होताच त्या परतल्या. हा अभ्यास 2006 चा. तो शरीरात काय गेलं ते दाखवतो; त्यामुळे मुलं आजारी पडली असती की नाही, हे सांगत नाही. तरी लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यासाठी मी या फरकाला वजन देईन.

"मिठाच्या पाण्यात ठेवलं की सगळं निघून जातं," असं म्हणणाऱ्यांनी एक भेद लक्षात घ्यावा. काही औषधं पानाच्या, फळाच्या पृष्ठभागावर राहतात. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं की त्यांचा बराच भाग जातो. आंतरप्रवाही औषधं मात्र झाडाच्या रसात उतरतात. ती धुऊन निघत नाहीत. म्हणून धुणं आवश्यक आहे, पण पुरेसं नाही.

उलट बाजूचा गैरसमजही तेवढाच पक्का आहे: सेंद्रिय शेतात फवारणीच होत नाही. होते. निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क, किडींना मारणारे बीटी जीवाणू, आणि बुरशीसाठी मोरचूद व चुन्याचं बोर्डो मिश्रण. यातली बहुतेक लवकर विघटित होतात, पण मोरचुदातलं तांबं विघटित होत नाही. वर्षानुवर्षं फवारलं तर ते मातीत साठतं आणि गांडुळांना त्रासदायक ठरतं. तसंच "अळी निघाली म्हणजे भाजी बिनविषारी" हा घरोघरचा निकषही सोडून द्यावा. पाच फवारण्या झालेल्या वांग्यातही अळी सापडते. ती आत लपलेली असते, किंवा तिला त्या औषधाची सवय झालेली असते.

जंतूंच्या बाबतीत तर सेंद्रिय या शब्दावर अजिबात विसंबू नये. 2011 च्या उन्हाळ्यात जर्मनीत ई. कोलाय जीवाणूच्या एका घातक प्रकाराने पन्नासहून अधिक माणसं दगावली आणि हजारो आजारी पडली. सुरुवातीला स्पेनच्या काकड्यांवर आळ आला आणि तिथल्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. शेवटी माग लागला तो उत्तर जर्मनीतल्या एका सेंद्रिय फार्मवरच्या मोडांपर्यंत, आणि संशय स्थिरावला इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांवर. उबदार, दमट हवेत बियांना मोड येतात, तसेच जीवाणूही वाढतात. आपल्याकडे मटकीची उसळ शिजवतो, तो बचाव आहे. कच्चे मोड, कोशिंबिरीची काकडी, मुळा, वरून भुरभुरलेली कोथिंबीर यांना तो मिळत नाही. कच्चं शेण घातलेल्या वाफ्यातून आलेली कोथिंबीर आणि नीट तापून कुजलेल्या खतावरची कोथिंबीर यांत इथे फार अंतर आहे. ढीग काही दिवस 55 अंशांच्या वर तापला, तर रोगकारक जीवाणू बहुतांशी मरतात.

पाण्याचंही तसंच. शहरांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पालेभाजी होते. त्या पाण्यात शिसं, कॅडमियम असेल, तर पालक ते पानांत ओढून घेतो, वाफ्यात युरिया पडलेला असो वा गांडूळखत. न्यूकॅसलच्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत कॅडमियम 48 टक्के कमी निघालं, हा आकडा भाज्यांच्या जाहिरातीत हमखास दिसतो. तो फरक मुख्यतः धान्यांतला होता. भाज्यांत तो स्पष्ट दिसला नव्हता.

"सेंद्रिय खाल्लं की कॅन्सर होत नाही" हे वाक्यही सर्रास ऐकू येतं. फ्रान्समध्ये 68,946 प्रौढांच्या पाहणीत, 2018 मध्ये, सर्वाधिक सेंद्रिय खाणाऱ्यांत कॅन्सरचं प्रमाण 25 टक्के कमी आढळलं. त्याआधी 2014 मध्ये ब्रिटनमधल्या सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत एकूण कॅन्सरमध्ये अशी घट दिसली नव्हती. सेंद्रिय घेणारी माणसं सहसा अधिक शिकलेली आणि कमी धूम्रपान करणारी असतात; हिशेबात दुरुस्ती केली तरी हे धागे पूर्ण सुटत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना रोज 400 ग्रॅम भाज्या-फळं खायला सांगते. सेंद्रिय परवडत नाही म्हणून भाजीच कमी करणाऱ्या घराचा तोटा मला कीटकनाशकांचे अंश सापडण्याच्या धोक्यापेक्षा मोठा वाटतो.

पाकीटबंद माल घेताना 'जैविक भारत'चं चिन्ह पाहता येतं. शेतकरी स्वतः थेट विकत असेल तर त्याला त्या प्रमाणपत्राची सक्ती नाही. तिथे विचारायचं एवढंच: शेवटची फवारणी कधी केली आणि कशाची? पिकवणाऱ्याला हे तोंडपाठ असतं.

आणि फवारणाऱ्याची तब्येत? सेंद्रिय पद्धतीचा सगळ्यात निश्चित आरोग्यलाभ खाणाऱ्याच्या आधी त्याला होतो. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी उंच वाढली होती, पंपाचा फवारा तोंडावर येत होता. भाजीच्या शेतातही पाठीवर तोच पंप असतो, आणि हातमोजे, मुखवटा क्वचितच. भेंडीचा तोडा बहुधा बायका करतात. भेंडीची लव हाताला खाजवते म्हणून त्या बोटांना चिंध्या गुंडाळतात. आदल्या दिवशी फवारणी झाली असेल, तर झाडांवरचं औषध सकाळच्या दवाबरोबर त्या चिंध्यांत मुरतं. तोडा उरकून, बांधावर बसून त्या त्याच हातांनी भाकरी खातात.