गिन्सेंगची कॅप्सूल घेताय? आधी हिमोग्लोबिन तपासलंय का?

मुळशी तालुक्यातलं उरवडे हे पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्यातलं गाव. सकाळी डबा, दिवसभर कारखान्यात उभ्यानं काम, घरी आल्यावर पुन्हा स्वयंपाक. असा दिवस काढणाऱ्या बाईला थकवा येतो यात नवल नाही. नवं आहे ते मोबाईलवर मिळणारं उत्तर, म्हणजे 'चिनी जडीबुटी' गिन्सेंग. थकवा, पाळीचा त्रास, रजोनिवृत्तीत अंगातून येणाऱ्या वाफा, सगळ्यावर म्हणे हे एकच मूळ!

खरंच उपयोग होतो का?

गिन्सेंग ही चीनचा ईशान्य भाग आणि कोरियातली वनस्पती. तिचं मूळ तिथे शेकडो वर्षं औषधात वापरलं जातं. पण बायकांच्या तक्रारींवर पुरावा तोकडा आहे. 1999 साली स्वीडनमध्ये रजोनिवृत्ती झालेल्या 384 महिलांवर 16 आठवड्यांची चाचणी झाली. अंगातून येणाऱ्या वाफा गिन्सेंगनं कमी झाल्या नाहीत. काहींना थोडं बरं, उत्साही वाटलं, इतकंच. 'बायकांचं गिन्सेंग' म्हणून विकल्या जाणाऱ्या डाँग क्वाय या दुसऱ्या चिनी मुळाची 1997 साली 71 महिलांवर चाचणी झाली. तेही नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

नावाचाही घोळ आहे. 'सायबेरियन गिन्सेंग' ही वेगळीच वनस्पती. 'इंडियन गिन्सेंग' म्हणजे तर आपली अश्वगंधा, तिचा गिन्सेंगशी काही संबंध नाही.

'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?'

इथेच गडबड होते. गिन्सेंगमुळे रक्तातली साखर उतरू शकते, त्यामुळे मधुमेहाची औषधं चालू असतील तर जपावं लागतं. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम त्यानं कमी होऊ शकतो, तर डाँग क्वायनं उलट वाढू शकतो. काहींची झोप उडते. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना ते सुरक्षित असल्याचा भरवशाचा पुरावा नाही, त्यामुळे त्या काळात टाळलेलंच बरं. अश्वगंधाही गरोदरपणात नको. शिवाय ती थायरॉइडचं हार्मोन वाढवू शकते, म्हणून थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये.

कोरोनाकाळातली गुळवेल आठवते? सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या 6 जणांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद केली. त्यातल्या 62 वर्षांच्या एका महिलेचा मृत्यू झाला. आयुष मंत्रालयानं हा निष्कर्ष मान्य केला नाही. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असू शकते, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरं धरलं तरी प्रश्न उरतोच. अंगणातली वेल ओळखताना चूक होत असेल, तर बंद डबीतली परदेशी पावडर कशी ओळखणार?

मग थकव्याचं काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के महिलांना अ‍ॅनिमिया आहे. आधीच्या फेरीत हे प्रमाण 48 टक्के होतं. म्हणजे थकलेल्या बाईच्या रक्तात लोह कमी असण्याची शक्यता बरीच, आणि गिन्सेंगचं मूळ काही ही कमतरता भरून काढत नाही. उलट कॅप्सूल घेऊन महिनाभर वाट पाहण्यात खरं कारण मागे पडतं. पाळीत जास्त रक्त जाणं, थायरॉइड, मधुमेह, यातलं काहीही असू शकतं. रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्त दिसलं, तर कुठलीही पावडर न घेता थेट डॉक्टर गाठावेत.

हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' योजनेत लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मोफत मिळतात. या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, त्यानं घाबरून त्या बंद करू नयेत. आणि गोळी चहासोबत तर मुळीच नको, चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबूपाणी चालेल.