मांजराचा काचबिंदू आणि नेत्रदाब उतरविणारे थेंब

काचबिंदू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घरातील वडीलधारी माणसे येतात. परंतु हाच विकार मांजरालाही जडतो आणि वेळीच ओळखला न गेल्यास त्याची दृष्टी कायमची हिरावून नेतो. अशा वेळी घरातील आजोबांसाठी आणलेले किंवा शेजारच्या कुत्र्याला लागू पडलेले थेंब मांजराच्या डोळ्यात घालण्याचा मोह अनेकांना होतो. तो का आवरावा, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

डोळ्याच्या आत एक स्वच्छ द्रव सतत निर्माण होत असतो व बुबुळाच्या कडेच्या सूक्ष्म मार्गांनी तो बाहेर झिरपतो. हा मार्ग तुंबला की डोळ्यातील दाब वाढतो व दृष्टीची नस चेपली जाऊन निकामी होते. निरोगी मांजराचा नेत्रदाब साधारणतः १० ते २५ मि.मी. पारा इतका असतो. मांजरात काचबिंदू बहुधा दुसऱ्या विकारामागून येतो. डोळ्यातील दीर्घकालीन दाह व अर्बुद ही त्याची प्रमुख कारणे होत. सयामी मांजरांत तो क्वचित जन्मजातही आढळतो. कुत्र्याप्रमाणे डोळा लालभडक होणे, तीव्र वेदना अशी ठळक लक्षणे मांजरात सहसा दिसत नाहीत. एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, उजेडातही ती लहान न होणे, डोळा हळूहळू मोठा होणे, एवढ्याच खुणा असतात.

आता औषधांची तुलना करू. अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळालेले लॅटानोप्रोस्ट हे औषध माणसांत द्रवाचा निचरा वाढवते. कुत्र्यांतही ते उत्तम काम करते. मांजराच्या डोळ्यात मात्र ते घातले की बाहुली रेघेसारखी बारीक होते आणि औषध लागू पडल्याचा भास होतो. प्रत्यक्षात निरोगी मांजरांवरील प्रयोगांत त्याने दाब उतरला नाही. जन्मजात काचबिंदू असलेल्या मांजरांत काही काळ उतार दिसला आहे. तथापि डोळ्यात दाह असल्यास हे औषध टाळणे इष्ट, आणि मांजरात दाह हेच तर प्रमुख कारण!

डॉर्झोलामाइडचे २ टक्क्यांचे थेंब द्रवाची निर्मितीच कमी करतात. मांजरांसाठी सामान्यतः प्रथम हेच निवडले जातात व बहुधा दर आठ तासांनी घालावे लागतात. क्वचित रक्तातील पोटॅशियम घटते. म्हणून मांजर मलूल झाले किंवा खाईनासे झाले तर त्वरित दाखवावे. त्याच जातीचे ब्रिन्झोलामाइड दिवसातून दोनदा घालून पाहिले असता निरोगी मांजरांत दाब फारसा उतरला नाही.

टिमोलॉल हे १९७८ पासून माणसांच्या वापरात असलेले औषधही द्रवनिर्मिती घटवते. त्याच्या ०.५ टक्के थेंबांनी निरोगी मांजरांचा दाब सुमारे एकपंचमांशाने उतरल्याचे आढळले आहे. परंतु दमा किंवा हृदयविकार असलेल्या मांजराला ते धोक्याचे ठरते, कारण डोळ्यातील थेंब रक्तातही मिसळतो. एप्राक्लोनिडीनने तर मांजराला उलट्या होतात व हृदयाची गती मंदावते. ते मांजरात वापरूच नये.

यावरून एक गोष्ट ध्यानी यावी. औषधाचा गुण बाहुलीवरून नव्हे, तर दाब मोजूनच ठरवावा लागतो. ही तपासणी डोळा बधिर करणारा थेंब घालून किंवा त्याशिवायही काही क्षणांत होते, तिला भूल लागत नाही. उपचार सुरू झाल्यावरही ती पुनःपुन्हा करावी लागते. थेंबांबरोबर मूळ दाहावरील उपचारही तितकेच आवश्यक असतात. दोन औषधे असतील तर त्यांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे.

गेलेली दृष्टी कोणताही थेंब परत आणत नाही. उरलेली राखणे एवढेच आपल्या हाती असते. मुक्या जिवाला आपले दुखणे सांगता येत नाही. म्हणून बाहुल्यांतील फरक दिसताच, घरातील बाटली न उघडता, त्याला पशुवैद्यकाकडे आणावे, ही सर्व प्राणिमित्रांना नम्र विनंती.