पडद्यावरची हालचाल

शाळेतील प्रकल्प असो, मंडळाचे व्याख्यान असो वा आजोबांची पंच्याहत्तरी असो. संगणकावर स्लाइड रचून त्या पडद्यावर दाखविण्याची रीत आता घरोघरी रुळली आहे. अक्षरे उडत येतात, चित्रे गिरक्या घेतात, पाहणाऱ्यांचे डोळे दिपतात. परंतु कार्यक्रम संपल्यावर मनात काय उरते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

ही हौस मराठी माणसाला नवी नाही. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या मुलांच्या साह्याने ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. शांबरी म्हणजे माया. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे ते प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखवीत. एकाच पात्राच्या निरनिराळ्या मुद्रांच्या काचा लागोपाठ पुढे आणून हालचालीचा भास निर्माण करीत. जोडीला निवेदन व संगीत असे. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालचा. त्याच्याही आधीची ही गोष्ट. पात्राने हात उचलायचा, तर आणखी एक काच रंगवावी लागे. तेथे वायफळ हालचाल परवडणे कठीणच. आज मात्र बोटाच्या एका दाबासरशी हवी तितकी हालचाल मिळते. म्हणून निवडीचा विवेक आपणच राखावयास हवा.

आपल्या इंदूरचेच उदाहरण घेऊ. कृष्णपुऱ्यातील होळकरांच्या छत्र्यांविषयी एखाद्या मुलीला मंडळात बोलावयाचे आहे. नकाशा स्थिर ठेवून त्यावर कान्ह नदीची रेघ प्रवाहाच्या दिशेने उमटत जाऊ द्यावी. काठ कोठे आहे, हे न सांगता कळेल. मग कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव (राज्यकाल १८४४ ते १८८६) आणि शिवाजीराव (१८८६ ते १९०३) यांच्या छत्र्या एकामागून एक प्रकट व्हाव्यात. येथे हालचाल काळाचा क्रम सांगते. कोरीव कामाच्या छायाचित्राजवळ सावकाश जावे, म्हणजे नजर नेमकी नक्षीवर ठरते. मात्र हीच छत्री गिरकी घेत आली, तर दगडी वास्तूचे गांभीर्य क्षणात नाहीसे होते.

अक्षरांच्या बाबतीत तर अधिक जपावयास हवे. महाराष्ट्राबाहेर वाढलेली आपली पुष्कळशी मुले हिंदी-इंग्रजीतून शिकतात. मराठी समजते, पण वाचताना ती थबकतात. वडीलधाऱ्यांची दृष्टी मंदावलेली असते. दोघांनाही ओळ पडद्यावर स्थिर हवी असते. शिरोरेखेखाली बांधलेला शब्द आपण एकसंध वाचतो. एकेक अक्षर उड्या मारीत आले, की तो तुटून दिसतो. म्हणून पूर्ण ओळ एकदम, हलकेच उमटू द्यावी. ती सावकाश मोठ्याने वाचावी आणि सर्वांची वाचून झाल्यावरच पुढची आणावी. लांबलचक मजकूर पडद्यावर न घालता तोंडाने सांगावा.

कार्यक्रमापूर्वी घरातील सर्वांत लहान वाचकाला व सर्वांत वृद्ध श्रोत्याला शेजारी बसवून एकदा सर्व स्लाइड दाखवाव्यात. दोघांपैकी ज्याची ओळ अर्धवट राहील, त्याच्यासाठी तेथील वेग कमी करावा. नातवाला आपल्या पूर्वजांचे नाव मराठीत वाचता आले, तर त्या संध्याकाळचे श्रम सार्थकी लागले असे खुशाल समजावे.