रेणूचा शोध आणि रुग्णाची वाट

एखाद्या रोगाचे नेमके मूळ कळणे आणि त्या मुळाशी हात घालता येणे, या दोन घटनांमध्ये किती काळ जावा याला काही नियम नाही. सिकलसेल या रक्तविकाराच्या बाबतीत हा काळ चौऱ्याहत्तर वर्षांचा ठरला. १९४९ साली त्याचे कारण रेणूच्या पातळीवर उलगडू लागले आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका या देशांनी, रुग्णाच्या पेशींतील जनुकसामग्रीत फेरफार करून हा रोग आटोक्यात आणणाऱ्या उपचारास मान्यता दिली. वैद्यकाच्या इतिहासात ही घटना निःसंशय मोठी आहे. परंतु विदर्भातील आणि नंदुरबारकडील ज्या कुटुंबांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसला आहे, त्यांच्या दृष्टीने तिचा अर्थ काय, याचाही विचार व्हावयास हवा.

शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे वैद्यकाला हा पेशींचाच दोष वाटत होता. लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवून पाहिले, तेव्हा ते निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा निराळ्या गतीने सरकत असल्याचे दिसले. दोष पेशीत नसून तिच्यातील रेणूत होता. ‘रेणवीय रोग’ ही संज्ञा त्यांनीच या रोगाला लावली. पुढे केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हा फरक नेमका कोठे आहे तेही दाखविले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमायनो आम्ले असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते, एवढाच तो फरक. जनुकाच्या लिपीतील एक अक्षर बदलले की हे घडते.

एका अक्षराचे परिणाम

या एका अक्षराची किंमत रुग्ण जन्मभर मोजतो. प्राणवायू कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून ताठर काड्यांसारखे होते आणि पेशी विळ्याचा आकार घेते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा ते वीस दिवसांत नष्ट होते. त्यामुळे रक्तक्षय कायमचाच. शिवाय या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. प्लीहा निकामी झाल्याने लहान मुले साध्या जंतुसंसर्गालाही बळी पडतात.

आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतो. किंबहुना तीव्र मलेरियापासून त्याला काहीसे संरक्षणच मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखविले. मलेरियाने ग्रासलेल्या प्रदेशांत हे जनुक का टिकले, याचे उत्तर त्यात आहे. ज्याला आज घराण्याचा दोष म्हणून लपविले जाते, त्यानेच एके काळी कित्येकांच्या पूर्वजांचे प्राण वाचविले असतील.

नवा उपचार आणि त्याचे मोल

नव्या उपचाराचे बीज एका साध्या निरीक्षणात होते. या रोगाची अर्भके पहिले काही महिने ठीक असतात, हे जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये नोंदविले. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते आणि ते रक्तात आहे तोवर पेशी वाकत नाहीत. जन्मानंतर ते बंद का होते? बीसीएल११ए नावाचे जनुक त्याला लगाम घालते, हे २००८ च्या सुमारास बोस्टन येथील स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने दाखविले. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी क्रिस्पर हे जनुक कापण्याचे तंत्र मांडले आणि हा लगाम सैल करण्याचे साधन हाती आले. रुग्णाच्या मूलपेशी बाहेर काढावयाच्या, त्यांत तो लगाम निकामी करावयाचा आणि त्या पुन्हा शरीरात सोडावयाच्या, असे हे उपचाराचे स्वरूप आहे. बिघडलेले अक्षर दुरुस्त होत नाही. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. अमेरिकेत मान्यता देताना तपासलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग बारा महिने वेदनेचा तीव्र झटका आला नाही.

जुळणारा दाता मिळाल्यास अस्थिमज्जारोपणाने हा रोग पूर्वीही बरा होत असे. परंतु असा दाता थोड्यांनाच लाभतो. नव्या पद्धतीत रुग्ण स्वतःचाच दाता असतो, ही मोठी सोय. मात्र त्याआधी जुनी अस्थिमज्जा तीव्र औषधांनी नष्ट करावी लागते, वंध्यत्वाचा धोका राहतो आणि महिनोन्‌महिने सुसज्ज रुग्णालयाचा आधार लागतो. अमेरिकेत या उपचाराची जाहीर झालेली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये होती. गडचिरोलीतील शेतमजुराला या आकड्याचा अर्थ काय सांगावा?

आपल्या दाराशी

भारतात हा विकार १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आढळला. नागपूर परिसरातील त्याच्या आढळाची नोंद १९५८ मध्ये शुक्ल व सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे विदर्भाला या रोगाची ओळख पटून सहा दशकांहून अधिक काळ लोटला आहे. या काळात स्वस्त उपायही सापडले, हे नमूद करावयास हवे. लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यास न्युमोकोकस जंतूचा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, हे १९८६ च्या अमेरिकी चाचणीत सिद्ध झाले. हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर येतात, हे १९९५ मध्ये कळले. हेही औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच वाढविते. नागपूरच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कमी मात्रेतही आपल्याकडील आजारी मुलांना त्याचा गुण येतो असे दिसले.

अठरा कोटींचा उपचार आणि काही रुपयांची गोळी या दोहोंमागील विज्ञान एकाच कुळातील आहे. परंतु गोळीसाठी आधी निदान हवे, तेही मूल तान्हे असतानाच. मग दर महिन्याला गोळी मिळावयास हवी, अधूनमधून रक्ततपासणी व्हावयास हवी. ही साखळी कोठेही तुटली तरी मूल पुन्हा वेदनेच्या स्वाधीन होते. ती तुटते ती रेणवीय जीवशास्त्र अपुरे पडते म्हणून नव्हे, तर औषधाचा साठा संपतो, तपासनीसाची जागा रिकामी राहते, तालुक्याला जाण्यासाठी एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते, म्हणून.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, अशी तिची उद्दिष्टे आहेत. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु तपासणी हा उपचार नव्हे. वाहक ठरलेल्या मुलीच्या हाती कार्ड दिले आणि त्याचा अर्थ समजावून सांगणारा कोणी नसला, तर ते कार्ड तिच्या लग्नातील अडसर बनेल. दोन वाहकांच्या विवाहात धोका असतो. एका वाहकाचा निरोगी व्यक्तीशी विवाह झाल्यास अपत्यांना हा रोग होत नाही. एवढी साधी गोष्ट शाळेच्या वर्गात सांगता येईल. येथे शिक्षकाचे काम डॉक्टरइतकेच मोलाचे आहे.

याचा अर्थ नवे संशोधन चैनीचे आहे असा नव्हे. दिल्लीच्या जीनोमिक्स व समवेत जीवविज्ञान संस्थेने क्रिस्परवर आधारित स्वदेशी उपचार विकसित केला असून त्याला ‘बिरसा १०१’ असे नाव दिले आहे. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यात आल्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. त्याला चाचण्यांच्या कसोटीतून जावे लागेल, आणि तो यशस्वी व स्वस्त व्हावा अशीच सर्वांची इच्छा असणार. पण तो येईपर्यंतची वर्षे आज पाळण्यात असलेल्या मुलांना काढावयाची आहेत. म्हणून किती जणांची तपासणी झाली या आकड्याबरोबरच, निदान झालेल्या किती मुलांना गेल्या महिन्यात औषध मिळाले, हा आकडाही प्रत्येक जिल्ह्याने जाहीर करावा. तो मागण्याचा अधिकार नागरिकांचा आहे आणि तो देण्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागणार नाही.