त्रिकोणात बसेल तीच बॅटरी

घरच्या माउंटन बाइकला मोटरचे किट लावायचे ठरले की बहुतेक जण व्होल्ट आणि अँपिअर-अवरचे आकडे पाहायला बसतात. माझा आग्रह असा की त्याआधी एक जाड पुठ्ठा घ्यावा आणि सायकलपाशी जावे. बॅटरी किती मोठी घ्यायची याचा निम्मा निर्णय सायकलच्या फ्रेमनेच घेऊन ठेवलेला असतो, आणि तो पुठ्ठ्यावर दिसतो.

माउंटन बाइकचा वरचा दांडा सीटकडे उतरता असतो, त्यामुळे फ्रेमच्या आतला त्रिकोण साध्या सायकलपेक्षा लहान होतो. सीटखाली मागचा शॉक असलेल्या फुल सस्पेन्शन सायकलीत तर त्यातलीही बरीच जागा शॉक आणि त्याचे सांधे खातात. खालच्या तिरक्या दांड्यावर बसणारी, कुलूप असलेली प्लॅस्टिकच्या पेटीतली बॅटरी बाजारात सर्वात जास्त मिळते. तिची लांबी साधारण ३६ ते ४२ सेंमी आणि रुंदी ९ सेंमीच्या आसपास असते. विक्रेत्याकडून लांबी, रुंदी, उंची मागून घ्यावी, त्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करावा आणि तो दांड्यावर चिकटपट्टीने बसवून पाहावा. पेटी बसली म्हणजे काम झाले असे नाही. ती काढताना दांड्याच्या रेषेत काही सेंमी वर सरकवावी लागते. तेवढी मोकळी जागा वर नसेल, तर बॅटरी एकदा बसेल आणि पुन्हा निघणार नाही.

शॉक असलेल्या सायकलीला आणखी एक तपासणी लागते. शॉकमधली हवा सोडायची, सीटवर भार देऊन मागचे सस्पेन्शन पूर्ण दाबायचे आणि एखादा सांधा खोक्याला टेकतो का ते पाहायचे. काही जण त्रिकोणात जागा नाही म्हणून दांड्याच्या खालच्या अंगाला बॅटरी लावतात. तिथे हीच तपासणी पुढच्या फोर्कची करावी, कारण फोर्क दबल्यावर पुढचे चाक बरेच मागे आणि वर येते. शिवाय त्या जागी चाकाने उडवलेला प्रत्येक दगड बॅटरीवर बसतो. दुसरा मार्गच नसेल तरच मी ती जागा निवडेन, आणि तीही खाली जाड पत्र्याची ढाल लावून.

मागच्या कॅरिअरवर बॅटरी ठेवणे सोपे वाटते, पण डोंगरात ते त्रासाचे ठरते. तीन-चार किलो वजन उंचावर आणि मागच्या चाकावर गेले की चढावर पुढचे चाक उचलू लागते आणि वळणावर सायकल डुलते. पाठीवरच्या सॅकमध्ये बॅटरी आणि तिथून खाली आलेली वायर, हा प्रकार तर टाळावाच. पडल्यावर माणूस एकीकडे आणि सायकल दुसरीकडे जाते, मध्ये वायर ताणली जाते आणि बॅटरी थेट पाठीच्या कण्यावर आदळते.

जागा कळली की मग आकडे. व्होल्ट किती हे मोटर आणि कंट्रोलर, म्हणजे मोटरला जाणारा प्रवाह सांभाळणारे सर्किट, ठरवतात, त्यात आपल्या आवडीला वाव नाही. लिथियम-आयनचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा. असे १० सेल एकामागे एक जोडले की ३६ व्होल्टची बॅटरी होते आणि ती ४२ व्होल्टपर्यंत भरते. १३ सेल जोडले की ४८ व्होल्टची म्हणून विकली जाणारी बॅटरी होते, ती ५४.६ पर्यंत जाते. म्हणून प्रत्येकीचा चार्जर वेगळा असतो, आणि पिन बसते म्हणून दुसरा चार्जर लावणे घातक आहे. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किमीपेक्षा कमी वेगाची सायकल मोटार वाहनात मोजली जात नाही. त्या मापाची किट बहुधा ३६ व्होल्टची असतात, म्हणून पुढचा हिशेब मी ३६ व्होल्टवर मांडतो. जास्त ताकदीच्या, क्रँकपाशी बसणाऱ्या मोटरना ४८ व्होल्ट लागतात. बाफांग कंपनीची बीबीएसएचडी ही मोटर ३० अँपिअरपर्यंत ओढते, आणि तिच्यासाठी बॅटरी निवडताना पुढचा प्रत्येक मुद्दा दुप्पट काळजीने पाहावा लागतो.

आता ऊर्जा. पुण्याच्या सायकलस्वारांचा आवडता सिंहगडाचा घाट घेऊ. पायथ्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत साधारण ९ किमी रस्ता आणि सुमारे ६०० मीटर चढ. माणूस, सायकल, किट आणि पाणी मिळून १०० किलो धरले, तर हे वजन ६०० मीटर उचलायला १६३ वॅट-अवर लागतात. हे गणित भौतिकशास्त्राचे आहे, त्यात कुठल्याही जाहिरातीला सूट नाही. टायरचे घर्षण धरले आणि मोटर व कंट्रोलरमध्ये पाचव्या हिश्शाची ऊर्जा उष्णतेत जाते हे मानले, तर सगळे काम मोटरवर सोडल्यास सुमारे २४० वॅट-अवर खर्च होतात. अर्धे काम पायांनी केले तर १२०. शहरातून पायथ्यापर्यंत जाऊन-येऊन ५० किमी होत असतील आणि सपाटीला हलक्या मदतीवर दर किलोमीटरला ८ वॅट-अवर धरले, तर आणखी ४००. एकूण ५२०.

व्होल्टला अँपिअर-अवरने गुणले की वॅट-अवर मिळतात. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची स्वस्त बॅटरी म्हणजे ३६०. ती पायथ्यापर्यंत नेईल, गड चढवील आणि परतीच्या वाटेत कुठेतरी संपेल. १७.५ अँपिअर-अवरची म्हणजे ६३०. तळाशी थोडी शिल्लक ठेवून हा फेरा पुरा करायचा तर हीच हवी. तिच्यात ५० सेल असतात, नुसत्या सेलचे वजन सुमारे अडीच किलो, पेटीसह तीन किलोच्या पुढे.

मोठ्या बॅटरीचा खरा फायदा मात्र पल्ल्याइतकाच चढावर कळतो. कंट्रोलर १५ अँपिअर ओढत असेल आणि शेजारी-शेजारी जोडलेल्या सेलच्या ओळी तीन असतील, तर प्रत्येक सेलला ५ अँपिअर द्यावे लागतात. ओळी पाच असतील तर ३. प्रत्येक सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. जितका प्रवाह जास्त, तितके व्होल्ट खाली बसतात आणि तितका सेल तापतो. छत्तीस व्होल्टचे कंट्रोलर बहुधा ३१-३२ व्होल्टला मोटर बंद करतात. म्हणून लहान बॅटरी शेवटच्या चढणीला चार्ज शिल्लक असतानाही मोटर सोडून देते, आणि सपाटीला आल्यावर तीच बॅटरी पुन्हा चालू लागते. टाकी भरलेली असली तरी तोटी बारीक असेल तर धार लहानच येणार.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत, पण उत्तरे लेखी घ्यावीत. सेल कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा? बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारे आतले सर्किट, सतत किती अँपिअर देते? तो आकडा कंट्रोलरच्या कमाल प्रवाहापेक्षा मोठाच हवा. सेल प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये बसवले आहेत की नुसते गोंदाने चिकटवले आहेत? डोंगरात हादरे बसतात, आणि होल्डर नसला की सेल एकमेकांवर घासून वरचे पातळ आवरण फाटते. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलची बॅटरी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, प्रकारचे सेल जास्त सुरक्षित आणि दीर्घायुषी असतात हे खरे. पण तेवढ्याच ऊर्जेसाठी ते जास्त जागा आणि जास्त वजन घेतात, आणि माउंटन बाइकच्या त्रिकोणात बहुधा मावत नाहीत.

बसवण्याच्या कामाला खरेदीइतकाच वेळ द्यावा. बहुतेक सायकलींना खालच्या दांड्यावर बाटलीच्या पिंजऱ्यासाठी ५ मिमीच्या बोल्टची दोन भोके असतात, एकमेकांपासून ६४ मिमीवर. आतले आटे एका लहान रिव्हेट नटचे असतात आणि तो दांड्याच्या पातळ भिंतीत दाबून बसवलेला असतो. त्याने एक लिटर पाणी पेलावे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. आता त्यावर तीन किलोंहून जड, ४० सेंमी लांब पेटी येते. खड्ड्यात चाक आदळले की क्षणभर त्या वजनाचा भार कित्येक पटींनी वाढतो, आणि पेटीची दोन्ही टोके बोल्टपासून लांब असल्यामुळे ती तरफेसारखी नटला उचकटतात. काही दिवसांनी नट भोकात फिरू लागतो, आणि मग बोल्ट ना घट्ट होतो ना निघतो.

उपाय म्हणजे टोकांना आधार देणे. पेटीची खालची पट्टी दांड्यावर ठेवून शक्य तितकी क्रँककडे सरकवावी. पट्टीतली भोके लांबट असतात, ती याचसाठी. पट्टीच्या वरच्या आणि खालच्या टोकाशी दांड्याला वळसा घालणारे स्टीलचे क्लॅम्प लावावेत, आणि क्लॅम्पखाली रबराची पट्टी घालावी, नाहीतर रंग आणि मागोमाग धातू झिजतो. दांड्यावर ब्रेकची नळी किंवा गिअरची केबल असेल तर ती पट्टीखाली चेपता कामा नये. बोल्टखाली जाड वॉशर देऊन पट्टी तेवढी उचलून घ्यावी. बोल्टची डोकी चपटी हवीत, म्हणजे पेटी त्यांच्यावरून विनाअडथळा सरकते. आट्यांना निळे थ्रेडलॉकर लावावे आणि बोल्ट ताकद लावून पिळू नये. पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत. शेवटी पेटी आणि दांडा मिळून एक वेल्क्रोचा पट्टा आवळावा. पेटीचे कुलूप चोरासाठी आहे, हादऱ्यांसाठी हा पट्टा.

नवी भोके पाडायची वेळ आली तर अॅल्युमिनियमच्या दांड्यालाही ड्रिल लावण्याआधी दहादा विचार करावा. कार्बनच्या फ्रेमला ड्रिलही नको आणि आवळणारा क्लॅम्पही नको. त्रिकोणात मावणारी, वेल्क्रोने बांधायची, आत फोम असलेली पिशवी तिथे बरी. काही फ्रेमना तोच एक मार्ग उरतो.

बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंतची वायर सिलिकॉनच्या वेष्टनाची आणि पुरेशी जाड घ्यावी. बॅटरीत फ्यूज नसेल तर तिच्या अगदी जवळ बसवावा, आणि इथे एक चूक सर्रास होते. मोटारीत वापरले जाणारे पाकळीचे फ्यूज ३२ व्होल्टसाठी असतात. छत्तीस किंवा अठ्ठेचाळीस व्होल्टवर ते वितळले तरी दोन टोकांमध्ये ठिणगीची कमान पेटत राहू शकते, कारण डीसी प्रवाह एसीसारखा क्षणाक्षणाला शून्यावर येत नाही. ५८ व्होल्ट किंवा त्याहून वरचा फ्यूज मागून घ्यावा. कनेक्टर जोडताना होणाऱ्या चटक्याने टोके काळी पडतात. त्यासाठी ठिणगी रोखणारा एक्सटी-९० प्रकार मिळतो.

सह्याद्रीत पावसाळा गृहीत धरूनच जोडणी करावी. वायर पेटीत शिरण्याआधी खाली झोल देऊन वर न्यावी, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकते. कनेक्टरचे तोंड खाली, चार्जिंगच्या भोकाचे रबरी झाकण शाबूत, आणि पट्टीवरच्या पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात. चिखल धुताना प्रेशरचा फवारा बॅटरीवर कधीही मारू नये. भिजलेली बॅटरी पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंगला लावू नये, आणि चार्जिंग दाराच्या वाटेत किंवा जिन्याखाली करू नये.

हिमालयात सायकल न्यायचा विचार असेल त्यांनी आधीच ध्यानात घ्यावे की प्रवासी विमानात १६० वॅट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी नेता येत नाही. आपली ६३० ची आहे. ती रस्त्याने आधी पाठवावी लागेल किंवा तिथेच भाड्याने मिळते का पाहावे लागेल. तिथल्या थंडीत शून्याखाली ती चार्ज करू नये, त्याने सेल कायमचा बिघडतो. गाडीच्या मागच्या रॅकवर सायकल नेताना बॅटरी काढून आत घ्यावी, पट्टीवरच्या उघड्या पिनांवर टेप लावावी, आणि गाडी उन्हात उभी करून जाताना बॅटरी तिच्यात सोडू नये.